पेपर खुला करायचा, पण फी कुठून आणायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

ओपन ॲक्सेस (संशोधन सर्वांना फुकट वाचता येणं) आणि संशोधनाचा डेटा या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा बडोद्याहून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत हेच काम रोज करणाऱ्यांनी लिहिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवते. आमचा पेपर एका परदेशी जर्नलने स्वीकारला आहे. आता त्यांचा ईमेल आलाय की ‘ओपन ॲक्सेस’ निवडलंत तर अडीच लाखांच्या आसपास फी पडेल, नाहीतर नेहमीसारखा छापू. प्रकल्पाला डीएसटीचं (केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं) अनुदान आहे आणि पेपर सर्वांना खुला करावा अशी त्यांची अट आहे. विभागाकडे एवढे पैसे नाहीत. काय करू?
– सहायक प्राध्यापिका, फतेहगंज

उत्तर : फी नसलेला पर्याय निवडा. डीएसटीची अट त्यानेही पाळली जाते.

एपीसी, म्हणजे प्रकाशक मागतो ती ही फी, भरली तरच पेपर खुला होतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय, आणि तो बसण्यात प्रकाशकांचा फायदाच आहे. एपीसी हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे पेपर नेहमीच्या पद्धतीने फुकट छापून घ्यायचा आणि त्याची स्वीकृत प्रत आपण स्वतः रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर जपणाऱ्या ऑनलाइन भांडारात, ठेवायची. डीएसटी आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांचं डिसेंबर २०१४ चं संयुक्त धोरण या दुसऱ्या मार्गावरच बेतलेलं आहे. २०१२-१३ पासूनच्या अनुदानातून निघालेल्या पेपरांना ते लागू आहे. पेपर स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांत प्रत जमा करायची, आणि प्रकाशकाचा एम्बार्गो (प्रत खुली करण्याआधी थांबायचा काळ) असेल तर विज्ञानासाठी तो सहा महिन्यांच्या आत असावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

इथे ‘कोणती प्रत’ यावर सगळं अडतं. एका पेपरच्या तीन प्रती असतात. तुम्ही जर्नलला सुरुवातीला पाठवलेली ती प्रीप्रिंट. रेफरींच्या (परीक्षकांच्या) शेऱ्यांनुसार दुरुस्त करून दिलेली, आणि संपादकाने ‘स्वीकारली’ असं कळवलेली वर्ड किंवा लाटेक फाइल ती स्वीकृत प्रत. प्रकाशकाने जुळवलेली, लोगो आणि पृष्ठक्रमांक असलेली पीडीएफ ती तिसरी. बहुतेक प्रकाशक दुसरी प्रत ठेवू देतात, तिसरी नाही. प्रूफ म्हणून आलेली पीडीएफसुद्धा तिसरीतच धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

स्वीकृतीचा ईमेल आला की त्याच दिवशी जर्नलच्या सबमिशन पोर्टलवरून शेवटची दुरुस्त फाइल उतरवून घ्या. सहा महिन्यांनी पोर्टलचा पासवर्ड आठवत नाही, मूळ लेखक विद्यार्थी पोस्ट-डॉकला निघून गेलेला असतो आणि त्याच्या पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘एकदम फायनल’ अशा तीन फाइली सापडतात. मग ओपन पॉलिसी फाइंडरवर जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) टाका. हीच सेवा पूर्वी शेर्पा रोमिओ नावाने चालायची. तिथे ‘स्वीकृत प्रत’ या ओळीसमोर तीन गोष्टी बघायच्या: कुठे ठेवता येईल, किती महिन्यांनी आणि कोणत्या लायसन्सखाली. सेजसारखे प्रकाशक संस्थेच्या रिपॉझिटरीत लगेच ठेवू देतात. एल्सेव्हिअरच्या बऱ्याच जर्नलांत बारा ते चोवीस महिने थांबावं लागतं आणि प्रतीवर सीसी बाय-एनसी-एनडी लायसन्स (नाव द्यायचं, व्यावसायिक वापर आणि बदल नाही) लावावं लागतं.

एम्बार्गो असला तरी जमा करणं लांबवू नका. डीस्पेस किंवा ईप्रिंट्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिपॉझिटरीत फाइल आजच चढवून तिच्यावर तारखेचं कुलूप घालता येतं. शीर्षक, सारांश, लेखकांची नावं लगेच दिसतात आणि फाइल त्या तारखेला आपोआप उघडते. मधल्या काळात ‘प्रत मागवा’ हे बटण चालू ठेवा. वाचकाची विनंती तुमच्या ईमेलवर येते आणि तुम्ही एकेकाला प्रत पाठवू शकता. पहिल्या पानावर ही स्वीकृत प्रत आहे अशी एक ओळ आणि छापील पेपरचा डीओआय (इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक) घाला. विद्यापीठाची रिपॉझिटरी नसेल तर याच धोरणासाठी उभारलेलं सायन्स सेंट्रल आहे.

प्रकाशक बारा महिने म्हणतो आणि अनुदान देणारा सहा म्हणतो, असा पेच पडतोच. तो प्रकाशकाच्या करारावर सही केल्यावर सुटत नाही. म्हणून पुढच्या पेपरच्या वेळी जर्नलला पाठवतानाच, कव्हर लेटरमध्ये आणि पेपरच्या ऋणनिर्देशात लिहा की अनुदानाच्या अटीनुसार या पेपरची स्वीकृत प्रत खुली करायची असल्याने तिच्यावर आम्ही सीसी बाय लायसन्स (नाव देऊन कोणीही वापरावं) लावत आहोत. काही संपादक यावर हरकत घेतात. घेतली तर ती सुरुवातीलाच कळते आणि दुसरं जर्नल शोधायला वेळ हाताशी असतो.

आणि प्रकाशकाची पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या सोशल साइटवर चढवू नका. सगळे करतात हे खरं. पण एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०१७ मध्ये रिसर्चगेटला कोर्टात खेचलं होतं. असा पेपर एका नोटिशीत गायब होतो आणि तुमच्या सीव्हीतली लिंक मरते.

प्रश्न : ‘सात दिवसांत प्रकाशन, फी फक्त ३५०० रुपये, यूजीसी-केअर मान्यताप्राप्त, ओपन ॲक्सेस’ असे ईमेल रोज येतात. वेबसाइट तर चांगली दिसते. यात खरं कोणतं हे कसं ओळखायचं?
– पीएच.डी. विद्यार्थी, निझामपुरा

उत्तर : या ईमेलमध्येच दोन पुरावे आहेत. खरं परीक्षण सात दिवसांत होत नाही. रेफरी शोधायलाच त्याहून जास्त दिवस जातात. आणि यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तिच्या जागी जर्नल पारखण्याचे निकष दिले आणि निवड संस्थांवर सोपवली. म्हणजे आजही ‘केअर मान्यताप्राप्त’ म्हणून पैसे मागणारा नसलेल्या यादीचा शिक्का विकतोय.

ईमेलमधल्या लिंकवर जाऊच नका. नावाजलेल्या छापील जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब बनावट वेबसाइट उभी करणारे आहेत. संस्कृत, इतिहास आणि भाषाविषयक जुन्या जर्नलांवर त्यांचा विशेष डोळा, कारण मूळ जर्नलांची वेबसाइटच नसते. आयएसएसएन पोर्टलवर किंवा डीओएजेमध्ये (ओपन ॲक्सेस जर्नलांच्या सूचीत) क्रमांक टाका आणि तिथे नोंदलेल्या पत्त्यावरून साइट उघडा. आयएसएसएन आहे म्हणून जर्नल चांगलं, असं नाही. तो केवळ ओळखक्रमांक आहे, भारतात दिल्लीच्या निस्पर संस्थेतून मिळतो आणि पारखून दिला जात नाही.

मग जुन्या अंकातल्या दोन-तीन पेपरांचे डीओआय, डीओआयच्या मूळ साइटवर टाकून बघा. बनावट जर्नलांचे डीओआय बहुतेक वेळा उघडतच नाहीत. संपादक मंडळातल्या एखाद्या भारतीय प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल टाका: आपण या मंडळावर आहात का? उत्तर ‘नाही’ असं आलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ वगैरे आकडे बघून भुलू नका. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलाच.

पेपर आधीच पाठवून बसला असाल तर पैसे भरू नका, कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका आणि पेपर मागे घेतोय असं लेखी कळवून त्याची प्रत ठेवा. ‘मागे घ्यायची फी’ मागणारेही भेटतात. ती द्यायची नाही.

एक गोष्ट उलट बाजूचीही सांगायला हवी. फी नाही म्हणून जर्नल हलकं, असं समजू नका. डीओएजेत वीस हजारांवर जर्नलं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त लेखकाकडून एक पैसा घेत नाहीत. शोधताना ‘फी नाही’ ही गाळणी लावता येते. आपल्याकडे निस्परची जर्नलं वाचायला खुली आहेत, बंगळुरूचं करंट सायन्सही. शिवाय २०२२ च्या पीएच.डी. नियमांत यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशभराची सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने ती आपल्या नियमात ठेवली आहे का, एवढं बघा. घाई नसेल तर हे दुकानदार निम्मे उपाशी राहतील.

प्रश्न : ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर सगळी जर्नलं मिळायला लागली. मग ओपन ॲक्सेसचा खटाटोप कशाला?
– प्राध्यापक, प्रतापगंज

उत्तर : सगळी नव्हेत आणि सगळ्यांनाही नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं आहेत, आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. लाभ केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. वाघोडिया रोडवरच्या खासगी कॉलेजातला शिक्षक, रावपुऱ्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर, घरी बसून बडोदे संस्थानावर लिहिणारे निवृत्त गृहस्थ यांत नाहीत. तुमची सेवानिवृत्ती झाली की लॉगिन बंद झाल्यावर तुम्हीही नसाल. शिवाय ही वाचायची सोय आहे. तुमचा पेपर नेपाळमधल्या विद्यार्थ्याला दिसेल की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : बडोद्यातल्या जुन्या मराठी कुटुंबांवर माझा प्रबंध आहे. साठ मुलाखती मराठी-गुजरातीत रेकॉर्ड केल्या. आता जर्नल म्हणतं की डेटा रिपॉझिटरीत टाका आणि पेपरात ‘डेटा उपलब्धतेचं निवेदन’ द्या. संमतिपत्रात मी ‘माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल’ असं लिहून घेतलं होतं. टाकू का?
– समाजशास्त्राची संशोधिका, दांडिया बाजार

उत्तर : आहे त्या संमतीवर टाकता येणार नाही. ‘फक्त या संशोधनासाठी’ हे वाक्य सगळ्या वाटा बंद करतं आणि दुर्दैवाने तेच वाक्य विभागातल्या नमुना संमतिपत्रात वर्षानुवर्षं फिरतंय.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. शक्य तितक्या लोकांकडे पुन्हा जाऊन डेटा सामायिक करण्याची वेगळी संमती घ्या. वयस्कर मंडळींपैकी कोणी हयात नसेल, तर त्यांच्या मुलाखती बाहेर ठेवा. हे जमत नसेल तर मुलाखती न देता मुलाखतीची प्रश्नावली, कोडबुक (उताऱ्यांना दिलेल्या विषयवार खुणांची यादी), कोणत्या कोडखाली किती उतारे आले त्याचा तक्ता, आणि पेपरात छापलेले उतारे एवढंच ठेवा. निवेदनात तसं स्पष्ट लिहा: मुलाखतींचे मजकूर सहभागींच्या संमतीत बसत नसल्याने खुले केलेले नाहीत, प्रश्नावली आणि कोडबुक अमुक डीओआयवर आहेत. कोणतंही सुजाण जर्नल हे मान्य करतं. त्यांना निवेदन हवं असतं, सगळा डेटा असतोच असं नाही. ‘विनंती केल्यास उपलब्ध’ एवढ्यावर मात्र भागवू नका. पाच वर्षांनी विनंती करणाऱ्याला उत्तर कोण देणार?

पुढच्या कामासाठी संमतिपत्रात तीन वेगळ्या ओळी ठेवा आणि प्रत्येकीसमोर होय-नाही असे दोन चौकोन:

‘माझी मुलाखत या संशोधनासाठी वापरायला हरकत नाही.’
‘माझं नाव आणि ओळख पटेल असा तपशील काढून मुलाखतीचा मजकूर इतर अभ्यासकांना द्यायला हरकत नाही.’
‘माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला आणि अभ्यासकांना ऐकू द्यायला हरकत नाही.’

तिसरी ओळ वेगळी हवी, कारण आवाज हीच ओळख असते. नाव काढलेली ध्वनिफीत निनावी होत नाही.

ओळख पुसणं हे नावाच्या जागी ‘सहभागी १७’ लिहिण्याइतकं सोपं नाही, बडोद्यासारख्या ठिकाणी तर नाहीच. ‘वय ८१, आजोबा संस्थानाच्या दफ्तरात कारकून, स्वतः तबला शिकवायचे, वाडा मांडवीजवळ’ इतकं राहिलं तर दांडिया बाजारातलं कोणीही नाव सांगेल. असे चार तपशील एकत्र येऊन माणूस उघडा पडतो. वय गटात घाला, ७५ ते ८५ असं. व्यवसाय वरच्या पायरीवर न्या: तबलाशिक्षक याऐवजी कलाशिक्षक. वाड्याचं नाव काढून ‘जुनं शहर’ ठेवा. मग एक तक्ता करा: वयोगट, लिंग, व्यवसायगट, भाग. एखाद्या जोडणीत पाचपेक्षा कमी माणसं उरली तर गट आणखी मोठे करा. मुलाखतीत आलेल्या तिसऱ्या माणसांनाही हेच लागू. ‘समोरच्या काकांनी जागेवरून केस केली’ यातल्या काकांनी कोणत्याच कागदावर सही केलेली नाही.

खरी नावं आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या, पासवर्डने बंद केलेल्या फाइलमध्ये ठेवा आणि मजकुराच्या फोल्डरमध्ये ती कधीच नको. वर्ड फाइल देण्याआधी तिच्या गुणधर्मांतली नावं, शेरे आणि ट्रॅक चेंजेस काढा. निनावी केलेल्या मजकुराच्या समासात ‘हे त्या वहिनींनी सांगितलेलं ना?’ असा गाईडचा शेरा राहून गेलेला असतो.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. मात्र तिच्याही अटी आहेत: त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि सरकारने ठरवलेले निकष पाळायचे. ती सवलत आहे म्हणून संमती विसरायची, असा अर्थ काढू नका. नैतिकता समिती तो मान्य करणार नाही.

ठेवायला जागा: सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस आहे. झेनोडो या खुल्या रिपॉझिटरीवर ‘मर्यादित प्रवेश’ निवडला तर नोंद सर्वांना दिसते आणि फाइल मागेल त्याला तुम्ही द्याल तेव्हाच मिळते.

प्रश्न : विश्वामित्री नदीच्या पाण्याचे तीन वर्षांचे नमुने आम्ही तपासले. एक्सेलच्या अकरा शीट आहेत, ठिकाणांची नावं मराठीत. झेनोडोवर टाकायचं ठरलंय. फाइल सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) केली तर मराठीची प्रश्नचिन्हं झाली. शिवाय आमचा डेटा कोणी उचलला तर?
– पर्यावरणशास्त्राचा गट, कारेलीबाग

उत्तर : प्रश्नचिन्हं आली ती साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केल्यामुळे. त्यात देवनागरीला जागा नाही आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की अक्षर परत येत नाही. मूळ एक्सेल फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार निवडा. परत उघडताना फाइलवर डबल-क्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ आणा आणि फाइलचं मूळ म्हणून ६५००१ युनिकोड निवडा. याच खिडकीत ‘प्रकार ओळखू नको’ असं सांगता येतं. ते सांगा, नाहीतर ‘००७’ या नमुना क्रमांकाचा ७ होतो आणि ‘३-५’ ची तारीख होते. जनुकांच्या नावांच्या तारखा होण्याचा हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये नामकरण समितीने माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली. एक्सेल सुधारण्यापेक्षा ते सोपं पडलं!

जुन्या शीट श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘क्ष’ असलेले शब्द एकेक तपासा. कन्व्हर्टर हमखास तिथेच चुकतो. आर किंवा पायथनमध्ये फाइल उघडल्यावर पहिल्या रकान्याच्या नावाला विचित्र अक्षरं चिकटली तर घाबरू नका, एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक खूण घालतं, तिचा तो परिणाम. वाचताना एन्कोडिंग पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग आणि आरमध्ये यूटीएफ-८-बॉम द्या.

अकरा शीटची एक करा. एका ओळीत एका ठिकाणचा, एका दिवसाचा, एका घटकाचा एकच निकाल. एकत्र केलेले सेल मोडा. ‘लाल रंग म्हणजे शंकास्पद’ अशी खूण सीएसव्हीत उरत नाही; तिच्यासाठी ‘शेरा’ असा रकाना करा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२४-०७-०५ अशा. ०५/०७ म्हणजे पाच जुलै की सात मे, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. एकक रकान्याच्या नावात घाला, आकड्यासोबत नको. मोजमाप झालंच नाही ते रिकामं ठेवा, शून्य लिहू नका. उपकरणाच्या मर्यादेखालचा निकाल ‘<०.०१’ असा आकड्याच्या रकान्यात लिहिलात तर सगळा रकाना मजकूर होऊन बसतो. आकडा ०.०१ ठेवा आणि शेजारच्या रकान्यात ‘मर्यादेखाली’ लिहा.

पद्धत लिहिण्यात आळस करू नका. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं मोजमाप) तीन दिवस २७ अंशांवर काढला की पाच दिवस २० अंशांवर, हे नसेल तर तो आकडा बाहेरच्याला निरुपयोगी आहे. आपल्याकडे पहिली पद्धत चालते, बाहेर दुसरी. पुलाच्या वरच्या अंगाला नमुना घेतला की खालच्या, पाऊस आधीच्या दोन दिवसांत पडला होता का, उपकरण शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं: हे सगळं ‘रीडमी’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. रकान्यांची नावं इंग्रजीत ठेवा आणि त्यांचा मराठी अर्थ रीडमीत द्या. ठिकाणांची नावं मराठीतच राहू देत, पण अक्षांश-रेखांश दशांशात द्या. चार दशांश स्थळं म्हणजे साधारण अकरा मीटरची अचूकता, नमुन्याच्या जागेला पुरेशी. नोंदींत मगरींची घरटी आली असतील तर ती ठिकाणं मात्र दोन दशांशांपर्यंत, म्हणजे किलोमीटरभर धूसर करा.

झेनोडो सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेच्या संगणकांवर चालतं, फुकट आहे आणि एका नोंदीत ५० जीबी बसतात. आधी त्यांच्या सँडबॉक्सवर सराव करा. नोंद तयार करताना डीओआय राखून ठेवता येतो. तो पेपरात आणि रीडमीत घाला आणि मगच ‘प्रकाशित’ दाबा. एकदा दाबलं की ती नोंद कायमची, असं धरूनच चाला. नंतर चूक सापडली तर नवी आवृत्ती काढायची. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक डीओआयही असतो. पेपरात मात्र ज्या आवृत्तीवर गणित केलं तिचाच डीओआय द्या.

आता चोरीबद्दल. खरं म्हणजे डीओआय आणि तारीख असलेला डेटा चोरणं जास्त कठीण आहे, कारण आधी कोणाचा हे जगाला दिसतं. तरी पेपर येईपर्यंत थांबायचं असेल तर एम्बार्गोची तारीख घाला. लायसन्स सीसी बाय ४.० ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला तुमचं नाव देणं बंधनकारक होतं. ‘व्यावसायिक वापर नको’ हे कलम घालायचा मोह होतो. पण मग महापालिकेसाठी काम करणारी सल्लागार संस्थाही हा डेटा वापरायला कचरेल, आणि विश्वामित्रीच्या बाबतीत नेमका तोच वापर व्हायला हवा.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांची मोडीतली सुमारे दोनशे पानं आहेत: पत्रं, हिशेब, काही कर्जरोखे. विद्यापीठाला स्कॅन देऊन अभ्यासकांना खुली करायची आहेत. मोबाइलवर स्कॅन चालेल का? कायद्याची काही अडचण?
– वाचक, रावपुरा

उत्तर : मोबाइलचं ‘स्कॅन’ ॲप नको. ते पान काळं-पांढरं करतं आणि फिकट शाई, पुसट शिक्का, कागदाचा जलचिन्ह असलेला भाग पांढऱ्यात जमा होतो. मोडीत शब्द तुटत नाहीत, अक्षरं एकमेकांत गुंततात. एक बारीक फटकारा गेला तर वाचणारा अडतो.

रंगीत, ४०० डीपीआय, टिफ हा मूळ संच. ए-४ पानाला सुमारे ४६ एमबी, म्हणजे दोनशे पानांचे साधारण ९ जीबी. लोकांनी बघायला त्यांपासून जेपेग किंवा पीडीएफ काढा, टिफला पुन्हा हात लावू नका. प्रत्येक पानाच्या कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी येऊ द्या. घडीचे कागद फ्लॅटबेडवर दाबून सपाट करू नका, घडीवर तुटतात. त्यांचे फोटो वरून, स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्याने काढा. लॅमिनेशन तर कुठल्याही परिस्थितीत नको. पाठीमागची कोरी बाजूही स्कॅन करा, पत्ता किंवा आकडेमोड बऱ्याचदा तिथेच असते. फाइलला नाव गठ्ठा-कागद-बाजू अशा क्रमांकांचं द्या. त्यात काय आहे ते वेगळ्या तक्त्यात लिहा.

कायद्यात एक गाठ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो हे सर्वांना ठाऊक असतं. पण हयातीत न छापलेलं लेखन मरणोत्तर पहिल्यांदा प्रकाशित झालं तर त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. पत्रांचा हक्क पत्र लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो, ज्याच्या घरी पत्र आहे त्याच्याकडे नव्हे. म्हणून पणजोबांनी लिहिलेल्या कागदांसाठी सगळ्या चुलत घरांच्या सह्या घ्या, एकट्याने करारपत्र करू नका. त्यांना आलेली पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि त्यांच्याबद्दल ग्रंथालयाशी आधी बोला. कर्जरोख्यांत शेजाऱ्यांची नावं असतील आणि ती घराणी आजही तिथेच राहत असतील, तर तो भाग काही वर्षं मर्यादित ठेवणं शहाणपणाचं.

कोणी लिप्यंतर करून दिलं तर त्यांचं नाव स्वतंत्र द्या आणि त्या मजकुराचं लायसन्सही त्यांनीच ठरवू द्या. तो त्यांचा श्रम आहे.

प्रश्न : माझा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) आहे, म्हणून प्रकाशक पुस्तक छापायला नाही म्हणतो. प्रबंध काढून टाकता येईल का?
– मराठी विषयाच्या प्राध्यापिका, मांजलपूर

उत्तर : पीएच.डी.च्या नियमानुसार जमा झालेला प्रबंध काढायची मागणी सहसा टिकत नाही, आणि करूही नये. प्रकाशकाला दाखवा की पुस्तक वेगळं आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा आणि पद्धतीचं प्रकरण गाळा, परिशिष्टं कमी करा, दोन नवी प्रकरणं लिहा. तसंही प्रबंध जसाच्या तसा छापला तर कोणी वाचत नाही.

करार करताना दोन गोष्टी बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देण्याचा कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचाच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे, जगभर’ अशी ओळ प्रकाशक घालतो ती याचसाठी. ती खोडून मागायला लाजू नका.

प्रश्न : लग्नाआधीचे माझे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. एकाच माणसाचे म्हणून कसे दिसतील?
– संशोधिका, अलकापुरी

उत्तर : ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, काढा. पाच मिनिटांत, फुकट, सोळा अंकी. नोंदणी करताना ‘इतर नावं’ या रकान्यात आडनावाची सगळी रूपं आणि इंग्रजी स्पेलिंगचे फरक घाला. जुने पेपर डीओआय टाकून एकेक जोडा. नुसत्या नावावरून शोधून जोडू नका, नाहीतर नावबहिणीचे पेपरही तुमच्या खात्यात येतील. संस्थेचा ईमेल मुख्य ठेवलात तर शेजारी एक खासगीही नोंदवा, नोकरी बदलल्यावर खातं उघडता आलं पाहिजे.